‘मला ठाऊक नव्हते’ : सर जेम्स मॅथिसन, अफू आणि लुईस बेट

१.
१८७४ सालच्या वसंतात स्कॉटलंडच्या वायव्येकडील लुईस बेटावर एक विलक्षण मोर्चा निघाला. बर्नेरा या लहानशा शेजारच्या बेटावरील शंभराहून अधिक माणसे होडीने खाडी ओलांडून, ओलसर माळरान तुडवीत, स्टॉर्नोवे बंदरात येऊन पोहोचली. त्यांच्या अग्रभागी बॅगपाइप वाजविणारा होता. ही माणसे अल्पशा जमिनीवर बटाटे व ओट पिकविणारी, चार गुरे राखणारी आणि उरलेला वेळ समुद्रावर मासे धरणारी साधी कुळे होती. त्यांना आपल्या जमीनदाराची भेट घ्यायची होती. जमीनदाराचे नाव सर जेम्स मॅथिसन. वय ७७ वर्षे. बंदरासमोरच्या टेकडीवर त्याने स्वतः बांधविलेल्या किल्लेवजा वाड्यात तो राहत होता.

२.
बर्नेरातील ५८ कुटुंबांवर बेदखलीच्या नोटिसा बजावण्यात आल्या होत्या. या नोटिसा आपल्या अनुमतीने निघाल्या काय, एवढेच या माणसांना जमीनदाराच्या तोंडून ऐकायचे होते. मॅथिसनने त्यांना भेट दिली, त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि आपल्याला यातले काहीच ठाऊक नव्हते असे सांगितले.

हे उत्तर बहुधा खरे होते. तरीही या उत्तरापाशी इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे असे पुष्कळ त्यात आहे. कारण ज्याने ते दिले, त्याची सारी संपत्ती ‘ठाऊक असणे’ या एकाच गुणावर उभी होती. त्या संपत्तीचा मार्ग माळव्यातून, मुंबईतून आणि चीनच्या किनाऱ्यावरून जातो.

३.
जेम्स मॅथिसनचा जन्म १७९६ मध्ये स्कॉटलंडच्या सदरलंड परगण्यातील लेर्ग येथे झाला. हा परगणा पुढे ‘क्लिअरन्सेस’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या घटनांचे केंद्र ठरला. मेंढपाळीतून अधिक उत्पन्न मिळते म्हणून जमीनदारांनी डोंगराळ भागातील पिढीजात कुळांना उठवून समुद्रकिनाऱ्यावर किंवा परदेशी घालविले, गावेच्या गावे ओस पडली आणि तेथे मेंढ्यांचे कळप चरू लागले. मॅथिसनच्या बालपणी आणि तारुण्याच्या आरंभी हे सारे त्याच्या घराच्या अवतीभोवती घडत होते. कुळाला उठविणे म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकण्याची आवश्यकता नव्हती.

४.
त्याचे शिक्षण इन्व्हर्नेस आणि एडिंबरा येथे झाले. लंडनमधील एका व्यापारी पेढीत उमेदवारी करून तो कलकत्त्यास आपल्या मामाच्या पेढीवर दाखल झाला. तेथली एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. मामाने एका जहाजाच्या कप्तानासाठी दिलेले पत्र पोहोचविण्यास हा तरुण विसरला आणि जहाज निघून गेले. संतापलेल्या मामाने त्याला सरळ मायदेशी परत जाण्यास सांगितले. परतीच्या जहाजाची चौकशी करीत असता एका वृद्ध कप्तानाने त्याला सल्ला दिला, की घरी कशाला जातोस, कँटनला जाऊन नशीब पाहा. आख्यायिकेतील तपशील काहीही असोत, १८२० च्या सुमारास मॅथिसन चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर स्थिरावू लागला होता.

५.
त्या काळचा चीनशी व्यापार कसा चाले, हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट उलगडत नाही. चिनी सम्राटाने पाश्चात्य व्यापाऱ्यांना केवळ कँटन हे एकच बंदर मोकळे ठेवले होते. नदीकाठच्या तेरा वखारींच्या चिंचोळ्या पट्ट्यात त्यांनी राहावे, सरकारमान्य ‘हाँग’ व्यापाऱ्यांशीच सौदा करावा आणि व्यापाराचा हंगाम संपताच निघून जावे, असा दंडक होता. इंग्लंडला चहाची चटक लागली होती. त्या चहाच्या बदल्यात चीनला इंग्रजी मालाची मात्र फारशी गरज नव्हती, त्यामुळे चांदी मोजावी लागे. ही चांदी वाचविणारी एकच वस्तू इंग्रजांना सापडली होती, ती म्हणजे हिंदुस्थानात पिकणारी अफू.

६.
अफूची आयात चीनमध्ये कायद्याने निषिद्ध होती. म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने एक सोयीस्कर व्यवस्था उभी केली. पाटणा आणि बनारस भागातील अफू कंपनी आपल्या देखरेखीखाली पिकवून घेई आणि कलकत्त्यात लिलावाने विकून टाकी. लिलावानंतर तो माल कोठे जातो, याच्याशी कंपनीचा कागदोपत्री संबंध नसे. चीनपर्यंत तो नेण्याचे काम खासगी व्यापारी करीत. कंपनीची स्वतःची चहाची जहाजे अफूपासून कटाक्षाने दूर ठेवली जात. माल आपला, महसूल आपला, गुन्हा मात्र दुसऱ्याचा, असा हा हिशेब होता. ‘आम्हाला ठाऊक नाही’ हे उत्तर अशा रीतीने एका साम्राज्याच्या कारभारात आधीच रुजलेले होते.

७.
आता मराठी वाचकाच्या परिचयाचा प्रदेश येतो. अफूचा दुसरा मोठा स्रोत माळवा हा होता. तेथील पुष्कळशी भूमी होळकर आणि शिंदे यांच्या राज्यांत मोडत असल्याने कंपनीला तेथे बंगालसारखी मक्तेदारी बसविता येईना. माळव्याची अफू राजपुताना आणि सिंधमार्गे किंवा गुजरातमार्गे पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून बाहेर पडत असे. शेवटी १८३१ पासून कंपनीने प्रत्येक पेटीवर शुल्क घेऊन मुंबईमार्गे माल नेण्याचे परवाने देण्यास प्रारंभ केला. मुंबईच्या बंदराला आणि तेथील पारशी, गुजराती, मारवाडी सावकारांना या परवान्यांनी नवे बळ दिले.

८.
मुंबईच्या या व्यापारातील अग्रगण्य नाव सर जमशेटजी जिजिभॉय यांचे. १८०५ मध्ये ते ‘ब्रन्सविक’ जहाजाने चीनकडे निघाले असता फ्रेंचांनी ते जहाज पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण स्कॉटिश वैद्य होता. बंदिवासातील या परिचयाचे पुढे आयुष्यभराच्या व्यापारी स्नेहात रूपांतर झाले. जार्डिनने वैद्यकी सोडून व्यापार धरला. १८२८ मध्ये मॅथिसन त्याच्याशी जोडला गेला आणि १ जुलै १८३२ रोजी कँटनमध्ये ‘जार्डिन, मॅथिसन आणि कंपनी’ या नावाची पेढी सुरू झाली. मुंबईहून जमशेटजींनी पाठविलेला माल कँटनला हीच पेढी विकत असे.

९.
दोघा भागीदारांचे स्वभाव भिन्न होते. जार्डिन करारी आणि अबोल. मॅथिसन वाचणारा, लिहिणारा, बोलका. १८२३ मध्ये त्याने कँटनच्या निर्बंधांना वळसा घालून किनाऱ्याने उत्तरेकडे जहाज नेले आणि तेथे परस्पर अफू विकण्याचा प्रयोग करून पाहिला. पुढे हीच पेढीची रीत झाली. जलद जहाजे माल आणीत, लिंटिन बेटाजवळ नांगरलेल्या तरत्या गोदामांत तो उतरविला जाई, आणि चिनी तस्करांच्या अनेक वल्ह्यांच्या चपळ होड्या रोख चांदी देऊन तो घेऊन जात. पेढीचे भागीदार कँटनच्या वखारीत बसून पत्रे लिहीत. अफूची पेटी त्यांच्या दारापर्यंत येण्याचे कारणच पडत नसे.

१०.
या व्यापारात जहाजांइतकेच मोल बातमीला होते. कलकत्त्याच्या लिलावात काय भाव फुटला, मुंबईहून किती पेट्या निघाल्या, कोणत्या बंदरातील अंमलदार कडक आहे आणि कोणता लाच घेतो, हे इतरांच्या आधी कळले तर लाखोंचा लाभ होई. मॅथिसनने हे मर्म फार लवकर ओळखले. १८२७ मध्ये ‘कँटन रजिस्टर’ हे चीनच्या भूमीवरील पहिले इंग्रजी वृत्तपत्र निघाले. त्यामागे त्याचाच पुढाकार आणि त्याचाच छापखाना होता. ज्या देशात अफू आणणे हा गुन्हा होता, त्याच देशात छापल्या जाणाऱ्या त्या पत्रात अफूचे चालू भाव नियमाने प्रसिद्ध होत.

११.
१८२० च्या सुमारास चीनमध्ये वर्षाला चार-पाच हजार पेट्या अफू उतरत होती. १८३० चे दशक सरता सरता हा आकडा ४० हजारांच्या घरात पोहोचला. एका पेटीत साठ-सत्तर किलो माल असे. आता चांदीचा ओघ उलटा वाहू लागला. चीनची चांदी बाहेर जाऊ लागली, चिनी शेतकऱ्याचा कर चांदीच्या भावाशी बांधलेला असल्याने तो चढू लागला आणि व्यसन शिपायांच्या छावण्यांपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत पसरले. शेवटी सम्राटाने लिन झेशू या कर्तव्यकठोर अधिकाऱ्यास सर्वाधिकार देऊन मार्च १८३९ मध्ये कँटनला धाडले.

१२.
लिनने परदेशी वखारींना वेढा घालून सारी अफू स्वाधीन करण्याची आज्ञा केली. ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी चार्ल्स एलियट याने व्यापाऱ्यांना माल आपल्या हवाली करण्यास सांगितले आणि त्याची जबाबदारी राणीच्या नावे स्वीकारली. एकूण २०,२८३ पेट्या स्वाधीन झाल्या. त्यांपैकी सुमारे सात हजार एकट्या जार्डिन-मॅथिसनच्या हाती होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या मालकीच्या होत्या. जून महिन्यात ह्युमेन येथे मोठे चर खणून, पाणी, मीठ आणि चुना घालून ही अफू नष्ट करण्यात आली.

वरकरणी हा व्यापाऱ्यांचा पराभव होता. परंतु एलियटने जबाबदारी घेताच एका खासगी तस्करी मालाचे रूपांतर ब्रिटिश सरकारच्या येण्यात झाले होते, आणि हे मॅथिसनच्या तत्काळ ध्यानात आले होते.

१३.
जार्डिन आधीच इंग्लंडकडे निघाला होता. लंडनमध्ये त्याने परराष्ट्रमंत्री पामर्स्टनची भेट घेऊन चीनच्या किनाऱ्याची माहिती, नकाशे आणि आरमारी मोहिमेचा आराखडा पुरविला. मॅथिसन मकाव आणि हाँगकाँगच्या परिसरात राहून जहाजांवरून व्यापार चालू ठेवीत होता. एप्रिल १८४० मध्ये पार्लमेंटात या युद्धाविरुद्धचा ठराव २७१ विरुद्ध २६२ अशा अवघ्या नऊ मतांनी फेटाळला गेला. १८४२ च्या नानकिंग तहाने हाँगकाँग इंग्रजांस मिळाले, पाच बंदरे खुली झाली आणि चीनवर २ कोटी १० लाख डॉलरांचा भार पडला. त्यातले ६० लाख नष्ट केलेल्या अफूपोटी होते.

१४.
त्याच वर्षी मॅथिसनने चीन कायमचा सोडला. वाटेत मुंबईस आला असता तेथील देशी व्यापाऱ्यांनी त्याला मानपत्र आणि १,५०० पौंड किमतीची चांदीची भांडी अर्पण केली. चीनशी युद्ध चालू असताना इंग्रजी आणि देशी व्यापारासाठी त्याने घेतलेल्या श्रमांबद्दल ही कृतज्ञता होती. १८४२ हेच जमशेटजींना ‘सर’ हा किताब मिळाल्याचेही वर्ष. पुढच्या काही वर्षांत मुंबईत त्यांच्या दानातून रुग्णालय उभे राहिले, त्यांच्या पत्नीच्या देणगीतून माहीमचा पूल झाला आणि कलाशाळेचाही पाया घातला गेला. आज त्या रुग्णालयाच्या दारातून आत जाणाऱ्या मुंबईकराला लुईस बेटाचे नावही ठाऊक नसते. तरी दोन्ही ठिकाणचे दगड एकाच व्यापाराच्या पैशाने रचले गेले आहेत.

१५.
मायदेशी परतलेल्या मॅथिसनचे आयुष्य कादंबरीत शोभावे अशा वेगाने पालटले. १८४३ मध्ये जार्डिन निवर्तला आणि ॲशबर्टनची त्याची पार्लमेंटातील जागा मॅथिसनकडे आली. त्याच वर्षी मेरी जेन पर्सिव्हल हिच्याशी त्याचा विवाह झाला. १८४४ मध्ये त्याने सीफोर्थ घराण्याकडून १ लाख ९० हजार पौंडांस संपूर्ण लुईस बेट विकत घेतले. सुमारे चार लाख एकर भूमी आणि तिच्यावर राहणारी सतरा हजारांवर माणसे एका खरेदीखताने त्याच्याकडे आली. १८४७ ते १८६८ अशी एकवीस वर्षे तो रॉस आणि क्रोमार्टी मतदारसंघाचा प्रतिनिधी होता. बेटावरच्या सामान्य कुळाला मताचा अधिकार नव्हता. त्यांचा जमीनदार आणि त्यांचा लोकप्रतिनिधी एकच होता, आणि त्याची निवड त्यांनी केलेली नव्हती.

१६.
लुईसमध्ये त्याने पैसा ओतला, हे कोणीही नाकारू शकत नाही. रस्ते झाले, दलदलीचे पाणी काढून नवी जमीन लागवडीस आणली गेली, स्टॉर्नोवेत गॅसचे दिवे आले, जहाजदुरुस्तीची सोय झाली. लेडी मॅथिसनने मुलींसाठी शाळा काढली. बेटावर दलदलीतली ‘पीट’ माती कापून, वाळवून सरपण म्हणून जाळीत. तिच्यापासून तेल आणि मेणासारखे पदार्थ काढण्याचा कारखानाही उभारून पाहिला. बंदरासमोर ग्लासगोच्या चार्ल्स विल्सन या वास्तुकाराकडून त्याने ‘ल्यूज कासल’ बांधून घेतला आणि उजाड टेकडीवर बाहेरून माती आणून झाडे लावली.

१७.
१८४६ मध्ये बटाट्यावर करपा पडला. आयर्लंडला उद्ध्वस्त करणारा हाच रोग स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातही आला. लुईसच्या कुळांचे मुख्य अन्न बटाटाच होते. मॅथिसनने बाहेरून पीठ आणि बियाणे आणविले आणि आपल्या बेटापुरता दुष्काळ निवारणाचा भार स्वतः उचलला. बहुतेकांना या पिठाच्या बदल्यात रस्त्यांवर आणि चरांवर राबावे लागले आणि कित्येकांच्या नावे कर्जही चढले. तरी बेटावर आयर्लंडसारखा मृत्यूचा हाहाकार झाला नाही, याचे श्रेय त्याला द्यावेच लागते. या कार्याच्या गौरवार्थ १८५१ च्या आरंभी त्याला ‘बॅरोनेट’ हा वंशपरंपरागत किताब मिळाला.

१८.
आणि त्याच १८५१ मध्ये त्याचा कारभारी जॉन मन्रो मॅकेंझी गावोगाव फिरून याद्या करीत होता. या कारभाऱ्याची त्या वर्षाची दैनंदिनी आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. कोणाची थकबाकी दोन वर्षांहून अधिक आहे, कोण मासेमारी करून खंड देऊ शकेल, कोणाला ठेवावे आणि कोणाला कॅनडास पाठवावे, याची ती शांत, नीटनेटकी नोंद आहे. जाणाऱ्यांना थकबाकीची माफी आणि जहाजाचे भाडे मिळणार होते. जे जाण्यास नकार देतील त्यांना बेदखलीची नोटीस मिळणार होती आणि पीट कापण्यास बंदी होणार होती. ज्या बेटावर झाडच नाही, तेथे सरपण बंद करणे म्हणजे चूल विझविणे. १८५१ ते १८५५ या काळात दोन हजारांच्या आसपास माणसे बेट सोडून गेली. त्यांतल्या अनेकांनी क्वेबेकच्या ईस्टर्न टाउनशिप्स भागात जंगल तोडून नवी वस्ती केली.

१९.
या स्थलांतराला साहाय्य म्हणावे की सक्ती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सदरलंडप्रमाणे घरांची छपरे जाळून माणसे हाकलली गेली नाहीत, आणि कॅनडात पोहोचलेल्यांपैकी अनेकांच्या नातवंडांनी पुढे बरे दिवस पाहिले, हे खरे आहे. परंतु निवड करणाऱ्यापुढे दोनच वाटा ठेवून त्यांतली एक बंद केली, तर उरलेल्या वाटेला निवड म्हणता येत नाही. मॅथिसन या काळात बहुधा लंडनमध्ये असे. पार्लमेंटचे काम होते, ‘पी अँड ओ’ या बलाढ्य आगबोट कंपनीचे अध्यक्षपद होते. याच कंपनीच्या आगबोटी मुंबईहून चीनला टपालाबरोबर अफूही नेत. याद्या कारभारी करी आणि अंतिम मान्यता पत्राने येई.

२०.
१८५३ मध्ये कारभार डोनाल्ड मन्रो या वकिलाकडे गेला. पुढची वीस वर्षे बेटावर याच माणसाची सत्ता होती. जमीनदाराचा कारभारी तोच आणि सरकारी फिर्यादी वकीलही तोच. स्थानिक मंडळ्या आणि समित्यांवरील कितीतरी पदे त्याने एकाच वेळी सांभाळली. ज्या कुळाला त्याच्याविरुद्ध तक्रार करायची असे, त्याला ती मन्रोच्याच दारी घेऊन जावी लागे. कुळांची भाषा गेलिक, कोर्टाची भाषा इंग्रजी. जमिनीचा कायमचा पट्टा कोणाजवळही नसे, खंड वर्षावर्षाचा. ‘तुझी जमीन काढून घेईन’ एवढे एक वाक्य मोठमोठ्या माणसांना गप्प करण्यास पुरे पडे.

२१.
बर्नेरातील कुळांची पिढीजात उन्हाळी चराई खाडीपलीकडे मुख्य बेटावर होती. ती शिकारीच्या रानासाठी काढून घेण्यात आली आणि बदल्यात दुसरा तुकडा मिळाला. त्या तुकड्याभोवती कुळांनी आपल्या श्रमांनी मैलोगणती बांध घातला. अल्पावधीतच मन्रोने हाही तुकडा सोडा असे फर्मावले. कुळांनी नकार देताच चराईच नव्हे, तर राहत्या जागेवरूनही उठविण्याच्या ५८ नोटिसा निघाल्या. नोटिसा बजावण्यास आलेल्या बेलिफावर संध्याकाळच्या अंधारात मातीची ढेकळे पडली. बंदूक असती तर काही आयांना रडविले असते, अशी धमकी त्याने दिल्याचे पसरले. दुसऱ्या दिवशी जाब विचारताना झालेल्या झटापटीत त्याचा कोट फाटला. एवढ्यावरून तिघांवर खटला भरला गेला. त्यांपैकी एकाला स्टॉर्नोवेत अटक झाली आणि बर्नेराची माणसे त्या बॅगपाइपमागून निघाली.

२२.
जुलै १८७४ मध्ये खटला चालला. कुळांच्या बाजूने इन्व्हर्नेसचा चार्ल्स इन्स हा वकील उभा राहिला. त्याने ढेकळांपेक्षा मन्रोच्या कारभाराचीच उलटतपासणी अधिक केली. तिच्यातून एक गोष्ट सर्वांसमोर आली. ५८ कुटुंबांना उठविण्याचा निर्णय मन्रोने जमीनदाराला विचारल्याविना घेतला होता, आणि इस्टेटीच्या असल्या बारीकसारीक बाबी सर जेम्सच्या कानी घालण्याची आपली रीत नाही असे त्याने सांगितले. ज्यूरीने तिघांनाही निर्दोष सोडले. डोंगराळ स्कॉटलंडमधील कुळांनी जमीनदारी यंत्रणेविरुद्ध न्यायालयात मिळविलेला हा आरंभीचा मोठा विजय होता. पुढल्या वर्षी मन्रोची कारभारीपदावरून उचलबांगडी झाली.

२३.
येथे पहिल्या प्रश्नाकडे परतावे लागते. चीनच्या प्रत्येक बंदरातील भाव आणि प्रत्येक अंमलदाराचा स्वभाव ज्याला हजारो मैलांवरून कळत असे, त्याला आपल्याच बेटावर पंचवीस-तीस मैलांवर चाललेल्या गोष्टी वीस वर्षे कशा कळल्या नाहीत? भावाची बातमी कळल्याने त्याचा लाभ होणार होता, म्हणून तिच्यासाठी त्याने वृत्तपत्र काढले, जहाजे धाडली, माणसे नेमली. कुळाची बातमी कळल्याने त्याच्यावर जबाबदारी येणार होती, म्हणून तिच्या वाटेवर त्याने एक कारभारी बसविला. पीठ देणारा मॅथिसन आणि नोटीस देणारा मन्रो ही दोन माणसे एकाच व्यवस्थेची दोन टोके होती. लिंटिनच्या तरत्या गोदामांनी जे काम कँटनमध्ये केले, तेच मन्रोने लुईसमध्ये केले. दोन्हीकडे मालकाच्या पायरीपर्यंत काही पोहोचत नव्हते.

२४.
मॅथिसन दुष्ट नव्हता. त्याच्या दानाचा पुरावा आजही स्टॉर्नोवेत उभा आहे. लुईसमध्ये त्याने मिळविल्यापेक्षा अधिक गमावले. परंतु इतिहासात अन्याय करण्यासाठी दुष्ट माणसाची आवश्यकता प्रत्येक वेळी लागत नाही. दूर बसलेला सज्जन मालक आणि त्याच्या नावाने काम करणारा उत्साही कारभारी एवढे पुरते. कोकणातील खोतीचा इतिहास वाचणाऱ्याला हे नव्याने सांगावयास नको.

२५.
३१ डिसेंबर १८७८ रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मेंतो येथे त्याचा मृत्यू झाला आणि लेर्गच्या मातीत त्याचे दफन झाले. त्याला अपत्य नव्हते, त्यामुळे वंशपरंपरागत किताब त्याच्याबरोबरच संपला. बर्नेरात सुरू झालेली गोष्ट मात्र संपली नाही. १८८३ मध्ये नेपियर आयोगासमोर लुईसच्या कुळांनी आपल्या भाषेत साक्षी दिल्या. १८८६ च्या क्रॉफ्टर कायद्याने कुळांना जमिनीवर स्थिर हक्क आणि न्याय्य खंडाची हमी मिळाली. १९१८ मध्ये हे बेट मॅथिसनच्या वारसांकडून साबणसम्राट लॉर्ड लेव्हरह्युम याने विकत घेतले आणि १९२३ मध्ये त्याने स्टॉर्नोवेचा परिसर लोकांच्या विश्वस्त मंडळास देऊन टाकला.

२६.
आज ‘ल्यूज कासल’ भोवतालची ती राई सर्वांना खुली आहे. तेथे मॅथिसनच्या विधवेने उभारलेले त्याचे स्मारक आहे, आणि बर्नेराकडे गेल्यास १८७४ च्या लढ्याची आठवण सांगणारी दगडांची रासही दिसते. त्या माणसांनी जमीनदाराचा वाडा जाळला नाही, त्याला शिवीही दिली नाही. ते चालत गेले, समोर उभे राहिले आणि त्यांनी विचारले. ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर मिळाले, आणि त्या दिवसानंतर पुन्हा ते उत्तर देण्याची सोय सर जेम्स मॅथिसनला उरली नाही.